लेखांचा शोध आणि सूचिकार

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. अमरावतीस राहून तो मराठीचा अभ्यास करतो आणि आतां त्याला प्रबंध लिहावयाचा आहे. विषय त्यानें मोठा चांगला निवडला होता : आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर आणि तेथील महानुभाव ग्रंथकार. परंतु त्याची मुद्रा खिन्न दिसली. कारण विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, या विषयावर कोणीं कांहीं लिहिलेलंच नाहीं. मोबाइलवर रात्र रात्र शोधलं. देवळांचीं छायाचित्रं आणि यात्रेच्या बातम्या, याशिवाय कांहीं निघत नाहीं." एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललें असतें. परंतु प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद त्यानें लिहूनहि आणला होता, आणि त्यांत 'हा विषय आजवर सर्वस्वीं अस्पर्शित राहिला आहे' असें ठळक विधान होतें. तें वाक्य परीक्षकांपुढें गेलें असतें तर मुलाची वर्षभराची मेहनत पहिल्याच पानावर हास्यास्पद ठरली असती.

ज्या श्रोत्यांना आमचा भाग परिचित नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. शेंदूरजनाघाट हें गांव वरुड तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. संत्र्यांच्या कलमांमुळें त्याचें नांव बागाइतदारांना ठाऊक असतें. रिद्धपूर येथून फार दूर नाहीं. तेराव्या शतकांत गोविंदप्रभूंचें वास्तव्य तेथें होतें. चक्रधरस्वामींच्या मागें त्यांचा शिष्यपरिवार तेथेंच गोळा झाला, आणि म्हाइंभटांनीं आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ ज्या भूमींत निपजला, तिच्याविषयीं कोणीं कांहीं लिहिलें नाहीं असें त्याच भूमींतल्या मुलानें म्हणावें, हें ऐकून मला प्रथम हसूं आलें आणि मागाहून वाईट वाटलें. वाईट अशासाठीं कीं, चूक एकट्या त्याची नव्हती. 'शोधून सांपडलें नाहीं' आणि 'अस्तित्वांतच नाहीं' या दोन विधानांत किती अंतर आहे, हें आम्हीं शाळेंत त्याला कधीं शिकविलेंच नव्हतें.

महानुभाव वाङ्मय दोनदां कुलुपांत पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पहिलें कुलूप पंथीयांनीं स्वतःच घातलें. आपले ग्रंथ त्यांनीं सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर येतें. त्यामुळें पोथी समोर उघडी असूनहि जाणकारावांचून इतरांना ती निरर्थक भासते. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृति संशोधकांच्या हातीं या लिपीची किल्ली आली आणि शतकानुशतकें झांकलेलें वाङ्मय उजेडांत येऊं लागलें. य. खु. देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हें पुस्तक १९२५ सालीं निघालें. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. पुढें वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापली.

पण हे झाले ग्रंथ. आणि ग्रंथ निघतो तो सर्वांच्या शेवटीं. त्याआधीं दहा दहा वर्षें त्या विषयावर लेख, टिपणें, खंडनें, उत्तरें मासिकांतून आणि त्रैमासिकांतून चाललेलीं असतात. एखादें टिपण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकांत असतें, एखादें यवतमाळच्या शारदाश्रमाच्या वार्षिकांत, तर एखादें अशा मासिकांत कीं ज्याचें नांवहि आज कोणाला आठवत नाहीं. हें दुसरें कुलूप, आणि तें कोणीं हेतुपुरःसर घातलेलें नाहीं, म्हणूनच तें उघडण्यास अधिक कठीण. ग्रंथालयाच्या नोंदवहींत मासिकाच्या बांधीव पुस्तकाची नोंद असते. 'वर्ष अमुक, अंक एक ते बारा' एवढीच. आंतील शंभर लेखांचीं नांवें तेथें नसतात. शंभर माणसें घरांत असावींत आणि दारावर केवळ घरक्रमांक असावा, तसा हा प्रकार होय.

हें कुलूप उघडण्याचें काम मराठींत ज्यांनीं अंगावर घेतलें ते शंकर गणेश दाते आमच्या वऱ्हाडचेच. त्यांचा जन्म १९०५ सालीं अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें झाला. १८०० पासून १९३७ पर्यंत मराठींत छापलेलें प्रत्येक पुस्तक नोंदवावयाचें, असा संकल्प त्यांनीं केला आणि १९४३ सालीं 'मराठी ग्रंथसूची' या नांवानें तो पुरा करून दाखविला. अठरा हजारांहून अधिक नोंदी तींत आहेत. १९३८ ते १९५० या काळाची दुसरी सूची १९६१ सालीं निघाली, तेव्हां एकूण नोंदी सव्वीस हजारांच्या वर गेल्या. पुढें राज्य मराठी विकास संस्थेनें हे ग्रंथ पुन्हां छापले.

या आंकड्यांचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. रोज न चुकतां दहा पुस्तकांच्या नोंदी केल्या, एकहि सुटी घेतली नाहीं, तरी पहिल्या सूचीलाच पांच वर्षांहून अधिक काळ लागतो. आणि नोंद म्हणजे नुसतें नांव उतरून घेणें नव्हे. ग्रंथकार कोण, प्रकाशक कोण, आवृत्ति कितवी, साल कोणतें, पृष्ठें किती, हें सर्व पाहावें लागतें. जुन्या पुस्तकांवर साल कधीं शकाचें तर कधीं इसवीचें, आणि पुष्कळदां मुळींच नाहीं. ग्रंथकार 'एक गृहस्थ' किंवा 'एक ब्राह्मण' असें लिहून मोकळा झालेला. शिवाय हें पुस्तक कोणत्या विषयाखालीं घालावयाचें, याचा निर्णय सूचिकारालाच करावा लागतो. वाचक शंभर वर्षांनीं कोणत्या शब्दानें विचारील, हें त्याला आज ओळखावें लागतें. माझ्या मतें सूचिकाराची खरी विद्वत्ता येथें दिसते. आपल्याकडे कवींचे पुतळे होतात, नाटककारांच्या जयंत्या होतात. सूचिकारांचें नांव मात्र त्यांच्या सूचीचा उपयोग करणाऱ्यांनाहि पुष्कळदां ठाऊक नसतें.

ग्रंथांनंतरचें स्वाभाविक पाऊल म्हणजे नियतकालिकें. १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें तेव्हांपासून मराठी नियतकालिकांचा जो प्रवाह सुरू झाला, त्याला सूचीच्या बंधाऱ्यांत आणणें हें पुस्तकांच्या नोंदीपेक्षां कितीतरी अवघड. दाते, दिनकर विनायक काळे आणि शंकर नारायण बर्वे यांनीं १८०० ते १९५० या काळापुरतें तें काम केलें. दाते १९६४ सालीं वारले. 'मराठी नियतकालिकांची सूची' मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानें १९६९ सालीं छापावयास घेतली, ती पाहण्यास ते राहिले नव्हते.

याच जातीचें आणखी एक काम येथें सांगण्यासारखें आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें शालेय शिक्षण अमरावतीस झालें. त्यांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड, आणि त्यांतील एक खंड केवळ सूचीचा! मजकुराचा एक संपूर्ण खंड वाचकाला वाट दाखविण्यासाठीं खर्च करावयाचा, हें त्या काळच्या मराठी वाचकांना थोडें विचित्रच वाटलें असेल.

परदेशांत हा विचार आपल्याहून आधीं झाला, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत येल येथें शिकत असलेल्या विल्यम पूल नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या मंडळाच्या ग्रंथालयांतील मासिकांची विषयवार सूची तयार केली, आणि ती १८४८ सालीं छापली गेली. विद्यार्थ्यांना वादविवादासाठीं जुने लेख लागत, ते सांपडत नसत, एवढेंच निमित्त. विसाव्या शतकाच्या आरंभीं विल्सन नांवाच्या पुस्तकविक्रेत्यानें असल्या सूची नियमानें काढून विकण्याचा धंदाच सुरू केला. १९६४ च्या सुमारास यूजीन गारफील्ड यानें निराळाच मार्ग काढला : लेखाचा विषय कोणता हें न विचारतां, त्या लेखाचा आधार पुढें कोणीं कोणीं घेतला, हें त्यानें नोंदविलें. आपण एखाद्या घराण्याचा शोध घेतांना पूर्वजांकडेहि जातों आणि वंशजांकडेहि. लेखांच्या बाबतींत वंशजांकडे जाण्याची वाट गारफील्डच्या सूचीनें खुली केली.

नंतर यंत्रें आलीं आणि कागदावरच्या सूची यंत्रांत गेल्या. आज ज्याला डेटाबेस म्हणतात तो मुळांत दात्यांच्या नोंदींसारख्या नोंदींचाच साठा होय. प्रत्येक नोंदींत कर्ता, लेखाचें नांव, नियतकालिक, वर्ष, अंक, पृष्ठें, विषय आणि बहुधा लेखाचा गोषवारा असतो. फरक एवढाच कीं, कागदी सूचींत नोंद एका ठिकाणीं बसवावी लागते. यंत्रांत ती कोणत्याहि बाजूनें धरून ओढतां येते. दोन शब्द 'आणि' या अव्ययानें जोडले तर दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात. 'किंवा' नें जोडले तर कोणताहि एक असलेले येतात. नको असलेला शब्द वगळतांहि येतो. हें तर्कशास्त्र जॉर्ज बूल यानें १८५४ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. बूल हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. कोणतीहि पदवी नसतां त्यानें एकोणिसाव्या वर्षीं स्वतःची शाळा काढली होती. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तरांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां आमच्या शोधाकडे वळतों. मीं त्या विद्यार्थ्याला म्हटलें, तुझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत बसूं आणि यंत्राला नीट विचारूं. आम्हीं पहिल्या दिवशीं तास दीड तास घालविला आणि फारसें कांहीं निघालें नाहीं. मुलगा माझ्याकडे 'मीं सांगितलें होतेंच' अशा दृष्टीनें पाहूं लागला. अडचण कोठें होती, हें मला घरीं आल्यावर उमगलें. आम्ही आमच्या गांवांना ज्या नांवांनीं ओळखतों त्याच नांवांनीं जगानें त्यांच्याविषयीं लिहिलें असेल, असें आम्हीं गृहीत धरलें होतें.

वऱ्हाड हा शब्द घ्या. इंग्रजींत लिहिणाऱ्यांनीं तो क्वचितच वापरला. त्यांचा शब्द 'बेरार'. १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख इंग्रजांकडे सोंपविला, तेव्हांपासून पन्नास वर्षें सरकारी कागदांत त्याचें नांव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असें आहे; १८७० सालीं लायल यानें छापलेल्या गॅझेटियरच्या मुखपृष्ठावरहि हेंच लांबलचक नांव. अमरावतीचें जुन्या इंग्रजी कागदांत 'उमरावती' होतें. महानुभाव हा शब्द तर आणखीच मौजेचा. रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो ग्रंथ लिहिला त्यांत हा पंथ 'मानभाव' या नांवाखालीं आहे. लोकांच्या तोंडचें हें नांव निंदाव्यंजक होतें. आपल्या 'मानभावी' या शब्दांत तो डंख अजून शिल्लक आहे. पंथीय स्वतःला त्या नांवानें कधीं म्हणवून घेणार नाहींत. परंतु शोधकर्त्याला तें टाळून चालत नाहीं, कारण शंभर वर्षांपूर्वींचें लिखाण त्याच नांवाखालीं दडलेलें आहे. आणि रिद्धपूर ? कोणीं त्याला ऋद्धिपूर म्हटलें, कोणीं रिधपूर, कोणीं रितपूर.

दुसऱ्या दिवशीं मीं हीं सर्व नांवें एका कागदावर लिहून नेलीं. पंथाचीं नांवें 'किंवा' नें जोडलीं, गांवाचीं नांवें 'किंवा' नें जोडलीं, आणि हे दोन गट 'आणि' नें. जेएसटोर या साठ्यांत शोध घेतला. हा साठा १९९५ सालीं अमेरिकेंतील मेलन प्रतिष्ठानानें उभारला. त्यामागचें कारणहि मोठें व्यावहारिक होतें : जुन्या नियतकालिकांच्या बांधीव पुस्तकांनीं महाविद्यालयांचीं कपाटें भरून गेलीं होतीं आणि नवीं दालनें बांधण्याचा खर्च परवडेना. जागेच्या टंचाईतून जगाची केवढी सोय झाली पाहा!

पडद्यावर जें पहिलें ठळक नांव आलें तें पाहून आम्ही दोघेहि गप्प झालों. लंडनच्या प्राच्यविद्या व आफ्रिकी विद्या शिकविणाऱ्या संस्थेच्या पत्रिकेंत १९६० सालीं आय. एम. पी. रेसाइड यांनीं महानुभावांच्या मराठी ग्रंथांची सूची छापली होती, चाळीसएक पृष्ठांची! त्याच पत्रिकेंत १९७० सालीं त्यांचाच सकळ लिपीवर लेख आणि १९७६ सालीं महानुभाव पंथावर लेख. हे रेसाइड लंडनला मराठी शिकवीत, श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू' चें इंग्रजी भाषांतर त्यांनींच केलें. त्या धाग्यानें पुढें गेलों तों ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींचें काम हातीं आलें. महानुभावांच्या धर्मविचारावर त्यांचा ग्रंथ १९८३ सालीं निघाला, आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचें इंग्रजी भाषांतर १९८४ सालीं; त्या दुसऱ्या ग्रंथाच्या नांवांतच 'ऋद्धिपूर' आहे. रोमन लिपींत तें ज्या खुणांनिशीं छापलें आहे, त्या खुणांमुळें आमच्या पहिल्या शोधाला तें दिसलें नव्हतें.

म्हणजे पाहा, वरुडहून एस. टी. नें सहज जाऊन यावें अशा गांवांतल्या ग्रंथांची यादी लंडनला छापून साठएक वर्षें झालीं होतीं, आणि येथल्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावनेंत 'अस्पर्शित' हा शब्द होता. यांत लाज वाटण्यासारखें आहेच, पण तो विद्यार्थी जेथें हिंडत होता तेथें हा लेख दिसणारच नव्हता, हेंहि खरें. सर्वसाधारण शोधयंत्र पुष्कळ लोक जें पाहतात तें आधीं दाखवितें. विद्वत्पत्रिकेंतील लेख पाहणारे किती असणार ?

यापुढचा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी लेख सांपडला म्हणून शोध संपला असें पुष्कळजण समजतात. वस्तुतः तो तेथून उलट दिशेनें सुरू होतो. रेसाइडच्या तळटीपा वाचा. त्यांत पुन्हां आपलीच माणसें भेटतात : देशपांडे, नेने, कोलते, आणि मराठी मासिकांचीं वर्षें व पृष्ठें. लंडनला गेलेली वाट अशी फिरून विदर्भांत येते. तळटीपांनीं मागें जावयाचें, आणि 'या लेखाचा आधार कोणीं घेतला' हें विचारून पुढें यावयाचें. हीं दोन पावलें एकामागून एक टाकीत गेलों तेव्हां आठ दिवसांत त्या मुलाच्या वहींत त्रेसष्ट नोंदी झाल्या. कार्डें करावयास मीं सांगितलें होतें. पण कार्डें आतां बाजारांत मिळत नाहींत म्हणे, म्हणून वही.

आमच्या गांवच्या श्रोत्यांसाठीं एक विषयांतर करतों. ही युक्ति पोथ्यांपुरती नाहीं. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला म्हणून एखाद्या बागाइतदाराचा मुलगा मोबाइलवर 'संत्रा रोग' असें शोधतो आणि औषधविक्यांच्या जाहिराती वाचून पैसे घालवितो. शास्त्रज्ञांच्या लेखांत आपलें संत्रें 'नागपूर मँडरिन' या नांवानें, आणि शास्त्रीय नांवानें 'सिट्रस रेटिक्युलाटा' म्हणून येतें. डिंक्याला 'गमोसिस' आणि त्याच्या मूळ कारणाला 'फायटॉफ्थोरा' म्हणतात. ज्या जंबेरीवर आम्ही डोळा भरतों तिला 'रफ लेमन'. हे शब्द घालून पाहिलें कीं नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनसंस्थेंतील शास्त्रज्ञांचे लेख पुढें येतात. 'कृषिकोश' या सरकारी साठ्यांत कृषिविद्यापीठांचे प्रबंध आहेत आणि ते पाहण्यास पैसे पडत नाहींत. आमच्याच बागांवर केलेलें संशोधन आमच्या बागाइतदाराला ठाऊक नसावें, ही गोष्ट रिद्धपूरच्या गोष्टीहून निराळी नाहीं.

आतां वाचावयास मिळण्याचा प्रश्न. लेख सांपडणें आणि तो उघडणें या भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ लेखांपुढें किंमतीची पाटी लागलेली असते, आणि ती किंमत डॉलरमध्यें. भारत सरकारनें १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही योजना चालू केली. तींत ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी उच्चशिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना खुलीं झालीं. योजना चांगली आहे. परंतु ज्याचें नांव कोणत्याहि संस्थेच्या पटावर नाहीं, त्या वाचकानें काय करावें ? तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद या दारांतून आंत जाऊं शकत नाहीं. निवृत्त शिक्षक, वकील, शेतकरी, घरीं बसून अभ्यास करणाऱ्या गृहिणी, यांनीं जिज्ञासा बाळगूं नये असें कोणीं ठरविलें ? इतिहाससंशोधनाचें आपल्याकडील निम्मेंअधिक काम अशाच लोकांनीं केलेलें आहे. राजवाडे कोणत्या विद्यापीठाच्या पगारावर होते?

तरीहि अगदींच हात टेंकण्याचें कारण नाहीं. जेएसटोरमध्यें नांव नोंदविल्यास दरमहा ठराविक लेख पडद्यावर विनामूल्य वाचतां येतात. रेसाइडचे लेख मीं असेच वाचले. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं प्रबंधांची यांत्रिक प्रत देण्याचा नियम केला, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रानें 'शोधगंगा' या नांवानें त्यांचा साठा केला आहे. तो सर्वांना खुला आहे, आणि त्यांत मराठी प्रबंधहि पुष्कळ आहेत. मात्र तेथें मराठी प्रबंधाचें नांव कधीं देवनागरींत तर कधीं रोमन अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि रोमन अक्षरांत लिहिणारा प्रत्येकजण आपल्या मर्जीचा राजा असतो. तेव्हां दोन्ही प्रकारें शोधावें.

शेवटीं आपल्या मराठीविषयीं. इंग्रजी नियतकालिकांची व्यवस्था पाहून आल्यावर मराठीकडे वळलें कीं भरल्या बाजारांतून निघून ओसाड गढींत शिरल्यासारखें वाटतें. दाते, काळे आणि बर्वे यांची सूची १९५० पाशीं थांबते. त्यानंतरच्या कांहीं नियतकालिकांच्या स्वतंत्र सूची झाल्या आहेत; परंतु १९५० नंतरच्या सर्व मराठी लेखांना एका दावणींत बांधणारी सूची माझ्या हातीं अद्याप आलेली नाहीं. जुन्या अंकांचीं छायाचित्रें इंटरनेटवर आलीं आहेत, पण चित्र म्हणजे सूची नव्हे. यंत्राला तीं अक्षरें वाचतां आलीं तरच शोध लागतो. शिवाय आपलें शुद्धलेखन! १९६२ सालीं शासनानें नवे नियम मान्य केले आणि शेंकडों शब्दांवरील अनुस्वार उतरले. आजचा मुलगा 'गाव' असें लिहून शोधतो. जुन्या अंकांत तें 'गांव' आहे. पुष्कळ ठिकाणीं यंत्राच्या लेखीं हे दोन निराळे शब्द आहेत. एका टिंबामुळें शंभर वर्षांचें लिखाण मुलाला दिसेनासें होतें. म्हणून मराठींत शोधतांना मी प्रत्येक शब्द दोनदां लिहितों, एकदां माझ्या वडिलांच्या शुद्धलेखनांत आणि एकदां माझ्या नातवाच्या.

प्रस्तावनेंतील 'अस्पर्शित' हा शब्द त्या विद्यार्थ्यानें खोडला आहे. त्याच्या जागीं आतां पूर्वसूरींचा साडेतीन पृष्ठांचा आढावा आला आहे, आणि मौज अशी कीं तो लिहितांना त्याला खरोखरच कोणीं न हाताळलेला एक लहानसा प्रश्न सांपडला. तो कोणता हें मी सांगणार नाहीं; तें त्याचें धन आहे. त्रेसष्टांपैकीं एकच नोंद अपुरी राहिली आहे. एका तळटीपेंत एका जुन्या मासिकाचें नांव आणि साल आहे, अंक व पृष्ठ नाहीं. तें मासिक कोणत्याहि डेटाबेसमध्यें नाहीं. नागपूरच्या एका ग्रंथालयांत त्या वर्षाचे बारा अंक बांधून ठेवलेले आहेत असें कळलें आहे, आणि येत्या सोमवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही दोघे ते चाळावयास जाणार आहोंत.